घरातली औषधं आणि झालेले घोळ : तुमचे अनुभव लिहा

हेमांगी_पी
दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या डब्यात नानांची (सासरे) औषधांची वही सापडली. पानापानावर गोळीचं नाव, वेळ आणि दिल्याची बरोबरची खूण. वही सुरू झाली ती एका घोळामुळे. नाना हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा डिस्चार्ज कार्डावर बीपीची नवी गोळी होती, आणि घरात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची जुनी चालूच. सकाळची सासूबाई द्यायच्या, रात्रीची रात्रपाळीच्या मावशी. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आत दोन्हीकडे अम्लोडिपिनच! पाय सुजले, उठताना भोवळ. सगळ्यांना वाटलं अशक्तपणा. शेवटी नाक्यावरच्या मेडिकलवाल्या काकांनी दोन्ही स्ट्रिपा शेजारी धरून ब्रँडखालची बारीक अक्षरं वाचली तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून वहीत कंपनीचं नाव नाही, आतल्या औषधाचं. तुमच्याकडे काय काय झालंय?

सायलीची_आई
अगदी अगदी! आईचा संधिवात, मेथोट्रेक्सेट. फक्त सोमवारी. नवीन मावशींना वाटलं, गोळी म्हणजे रोजचीच, आणि मंगळवारी परत वाटीत काढून ठेवली. बाबांचं लक्ष गेलं म्हणून वाचलो. ही रोज पोटात गेली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेततं. आता स्ट्रिप बाबांच्या कपाटात कुलपात आणि कॅलेंडरवर प्रत्येक सोमवारला लाल गोल. बाकी दिवसांची फॉलिक अ‍ॅसिडही तशीच पिवळी, त्यात अजून गोंधळ. जाते, कुकर झाला.

टिचकी
पिवळीवरून. आमचे आजोबा गोळ्या रंगावर ओळखतात. गुलाबी हृदयाची, पांढरी साखरेची. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची दिली, हृदयाची निघाली पांढरी. आजोबांचा सत्याग्रह, "मला दोन वेळा साखरेची देताय!" आजी म्हणाली, ह्यांना औषध नको, रंगाची पेटी द्या 😂

अनघा७२
😂😂 पण आजोबांचं चुकलं कुठे? निदान विचारलं तरी. आमच्या सासूबाई मुकाट घेतात.

मेडिकलवाला_सातारा
काउंटरवर बसतो म्हणून दोन गोष्टी. एक, इन्सुलिन. आपल्याकडे बाटली बहुतेक 40 ची असते (एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट), टोचायच्या पेनातलं 100 चं. पेन बिघडलं की काही जण त्याच्या कार्ट्रिजमधून (आतली इन्सुलिनची नळी) लाल टोपीच्या 40 च्या सिरिंजने ओढतात. रेघ 10 ची, जातात 25 युनिट. अडीचपट. साखर धाडकन उतरते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा, नसेल तर टोचू नका, फोन करा.
दोन, स्ट्रिप कापून घेताना नाव आणि एक्सपायरी असलेला तुकडा मागून घ्या. आम्हीही कधी कधी उलटीकडून कापतो, खोटं कशाला बोलू.

केतकी_पुणे
लहान मुलांचं कुणी लिहिलंच नाही. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप! आमच्याकडच्या ड्रॉप्समध्ये 1 मिलीत 100 मिग्रॅ, सिरपच्या 5 मिलीत 125. ताईकडे सिरप संपलं, तिच्या सासूबाईंनी ड्रॉप्सची बाटली उचलली आणि चमचा भरून 5 मिली काढलं. म्हणजे चौपट! ताई दारातून ओरडली, चमचा तोंडाशी. बाटलीबरोबरचं माप सोडून स्वयंपाकघरातला चमचा वापरायचा नाही हा तिच्याकडे कायदा झालाय.

सायलीची_आई
बापरे केतकी. वाचूनच पोटात गोळा आला. बाळ कसंय?

केतकी_पुणे
अगं आता दहावीला आहे ते बाळ. क्लास बुडवतं.

विदर्भी_भाऊ
आमच्या बाबांना नळी होती नाकातून. केअरटेकर पोरगा सगळ्या गोळ्या एकत्र कुटून द्यायचा. नर्सबाई आल्या, बघितलं, भडकल्या. नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर असेल तर कुटायची नाही, दिवसभराचं औषध एकदम सुटते. डॉक्टरांनी मग दोन औषधं बदलून पातळ दिली. पोराला कुणी सांगितलंच नव्हतं, त्याला काय बोलणार? एजन्सी रोज नवीन माणूस पाठवते अन् आपण त्याला फक्त चहा कुठे आहे ते सांगतो.

अनघा७२
भाऊ, हे फार खरं लिहिलंत. पाळी बदलते तिथेच सगळं निसटतं. आम्ही फ्रिजवर एक कागद लावलाय, देईल त्याने तिथेच वेळ टाकून सही. आणि वाटीत काढून ठेवलेली गोळी दुसऱ्याने द्यायची नाही, स्ट्रिपमधूनच फोडायची. हेमांगी, डिस्चार्जच्या दिवशी घरातल्या जुन्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्यायच्या आणि डॉक्टरांकडून "ही बंद, ही चालू" असं लिहूनच घ्यायचं.

टिचकी
आणि थायरॉइडची? आई ती चहाबरोबर घेते, वर लगेच कॅल्शियम.

मेडिकलवाला_सातारा
थायरॉइडची उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम आणि लोह चार तास लांब. आणि ऑगस्ट 2023 पासून ठरावीक 300 ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, फोन धरला की आतलं औषध, बॅच, एक्सपायरी दिसते.

टिचकी
आईचा फोन बटणांचा आहे हो.

विदर्भी_भाऊ
आठवड्याच्या गोळ्या ठेवायच्या त्या सात खणांच्या डबीचं झाकण म्हाताऱ्या बोटांनी उघडत नाही. सोपी डबी कुठं मिळते? नागपुरात सांगा कुणी.