भाऊ एक टिपूस गाळत नाही आणि माझं रडणं थांबत नाही

संत्र्याची_फोड: बाबा ऐन नवतपात, मेच्या शेवटच्या उन्हात गेले. आता दिवाळी तोंडावर आली तरी मी मेडिकल चौकात सिग्नलला गाडी थांबली की रडायला लागते, आणि आमचा दादा, घाटावरून आल्यापासून डोळ्यात पाणी नाही. तेरवीच्या आधीच मृत्यूच्या दाखल्याच्या कॉप्या काढल्या, मग आईच्या फॅमिली पेन्शनसाठी बँकेच्या चकरा, परवा तर बाबांचा कूलर खाली उतरवून घासून पेंट मारत बसला. आई म्हणते पोरगा दगडाचा निघाला, मावशी तर फोनवर सगळ्यांना तेच सांगून राहिली. स्वभावावर असते का हे? आणि घरात एवढी माणसं असून मला एकटं काहून वाटते?

धरमपेठकर_दादा: ताई, ऑक्टोबरात कूलरला पेंट कोण मारते? वाचूनच समजलं मला तर, तेच त्याचं रडणं आहे. मी समुपदेशनाचं काम करतो. मार्टिन आणि डोका नावाच्या दोन अभ्यासकांनी यावर लिहिलंय, काहींचं दुःख भावनांतून बाहेर येते, काहींचं कामातून, आणि बहुतेक लोकं मधे कुठेतरी असतात. पुरुष-बाईचा नियम नाही त्यात. मुळातच काळजीखोर, लवकर अस्वस्थ होणारा स्वभाव असला तर त्रास जास्त होतो असं अभ्यासात बऱ्याचदा दिसते, पण म्हणून तुम्ही 'जास्त करून राहिल्या' असं नाही. स्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं की माणूस कधी दुःखात बुडतो, कधी बँक-रेशन-नोकरीत शिरतो आणि दोन्हीकडे येत-जात राहतो. तुमच्या घरी एक बाजू तुम्ही धरून बसल्या, दुसरी दादानं, एवढंच. आणि ते दुःखाचे पाच टप्पे सगळे फॉरवर्ड करतात ना, ते क्यूब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये मांडले ते मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी ते नंतर चिकटवले.

महालातली_काकू: बाळा, एकटं वाटणारच. तेरवीचं जेवण झालं की पाहुणे आणि मांडववाला एकाच दिवशी जातात. आमचे हे गेले तेव्हा "काही लागलं तर सांग" म्हणणारे पन्नास होते, पण सांगायचं सुचते का त्या वेळी? शेजारची एक होती, ती काही विचारतच नव्हती, संध्याकाळी वरण-भाताचा डबा ठेवायची नि यांच्या गोष्टी काढायची, हसवायची पण. बाकीचे यांचं नाव निघालं की विषय बदलत. माणसं किती आहेत यापेक्षा बाबांबद्दल बोलू कोण देते ते पाहा.

बर्डीवरचा_बावा: सगळं स्वभावावर ढकलू नका भाऊ. आमचे एक नातेवाईक असेच कामात गुंतलेले, सगळे म्हणत काय खंबीर माणूस, मग हळूहळू रोज रात्रीची बाटली सुरू झाली. शांत आहे म्हणजे ठीक आहे असं कोणी सांगितलं?

धरमपेठकर_दादा: बरोबर आहे बावा, म्हणून रडतो की नाही यापेक्षा झोप, जेवण, दारू, कामावर जाणं याकडे लक्ष द्यायचं. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, लांबलेल्या दुःखाचं वेगळं निदान आहे, किमान ६ महिने तीव्र ओढ किंवा दुःख आणि रोजचं जगणंच अडलेलं, असं असेल तर. सिग्नलवर रडू येणं त्यात बसत नाही, पण गाडी बाजूला घेत जा प्लीज. बोलायचं असेल तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही.

संत्र्याची_फोड: काल दादाला म्हटलं बँकेत मी येऊ का. तर म्हणे नोव्हेंबरात आईचा हयातीचा दाखला द्यायचा आहे, तेव्हा चल, मला तिथे बाबांचा जुना फोटो काढून द्यावा लागला तेव्हा बसवत नव्हतं. एवढंच बोलला नि डबा घेऊन निघाला. आईला मी सांगितलं हे, ती गप्प झाली. मावशीचं काय करू तेवढं सांगा कोणी.