संधिवात आणि जलरंग: दीड हजारात काय घेऊ? (कोपरखैरणे)

पोह्यांची_वाटी · सकाळी ११:४०

ऱ्हुमॅटॉइड संधिवात. उजव्या अंगठ्याचं बूड आणि पुढची दोन बोटं जास्त धरतात. जलरंग सुरू करायचे आहेत. अटी आधीच सांगते, म्हणजे गाडी भलतीकडे जाणार नाही.

१) बजेट १५००. ब्रश, कागद, रंग, सगळं त्यातच.
२) वन आरके आहे, टेबल नाही. दिवाणावर बसून, कधी टेकून रंगवणार.
३) ट्यूबची झाकणं फिरवता येत नाहीत.
४) एका बैठकीला पंधरा मिनिटं. वाईट दिवशी पाच.

घरात परीक्षेचं पॅड आहे. रंगीत पेन्सिलींचा डबाही आहे, पण दाब द्यावा लागतो म्हणून तो बंदच. औषधांबद्दल सल्ला नको, ते डॉक्टर बघतात.

सेबलसम्राट · ११:५२

कोलिन्स्की सेबलच्या केसांचा ब्रश, १० नंबर. एकच घ्या, पण अस्सल घ्या. पोटात पाणी इतकं धरतो की दर मिनिटाला भांड्यात बुडवावा लागत नाही, म्हणजे मनगटाच्या फेऱ्या वाचतात. माझ्याकडे ६, ८ आणि १० आहेत, टोक अजून सुईसारखं.

खारी_बटर · ११:५५

सम्राट, एका ब्रशमध्ये ताईंचं बजेट दोनदा संपेल. पाणीच धरायचं असेल तर सिंथेटिक मॉप (गोल, फुगीर ब्रश) घ्या. तीन-साडेतीनशेत मिळतो आणि पोट तेवढंच मोठं.

सेबलसम्राट · ११:५८

तेवढंच नाही.

नौपाडा_०२ · दुपारी १२:३०

ब्रश कुठला यापेक्षा त्याची दांडी किती जाड ते बघा. सहा-सात मिमीची दांडी पकडायला चिमूट आवळावी लागते, आणि त्या चिमटीचा सगळा जोर अंगठ्याच्या बुडावर येतो. दांडी जाड केली की मूठ सैल राहूनही ब्रश निसटत नाही.

स्वस्त उपाय एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी मागा: आतलं भोक पाव इंच, भिंत ९ मिमी. बाहेरून साधारण २४ मिमी भरते. सहा फुटी मिळते, तुम्हाला दहा सेंटिमीटर पुरे. दुकानदार तुकडा द्यायला कुरकुरला तर अख्खी घ्या. उरलेली टूथब्रश, उलथनं, पेन यांवर चढवा, सगळीकडे उपयोगी पडेल.

चढवताना दांडीला साबणाचं पाणी लावा आणि मागच्या टोकाकडून सरकवा. पत्र्याच्या टोपणापासून दोन सेंटिमीटर मोकळी सोडा. टोपणाला चिकटवली की पाणी फोम आणि लाकडाच्या मध्ये उतरतं, लाकूड फुगतं, रंगाचे पापुद्रे निघतात आणि एक दिवस केसांसकट टोपण हातात येतं. दांडी मागे निमुळती असते, त्यामुळे फोम गोल फिरतो. चढवण्याआधी तिथे रबरबँडचे चार वेढे द्या.

अंबाडीची_भाजी · १२:४१

फोमबद्दल +१. बॅडमिंटन रॅकेटची ग्रिप टेपही चालते, फक्त ओल्या हाताला ती चिकचिकते. एमसीलचा गोळा कुणी सुचवला तर ऐकू नका. जड होतो, आणि वजन केसांकडे गेलं की मनगट खाली ओढलं जातं. ज्यांचे हात थरथरतात त्यांना जड दांडी बरी पडते. इथे तो प्रश्न नाही, इथे हलकं हवं.

सीवूड्स_संध्याकाळ · १:०५

ॲक्रिलिक घ्या ना. चूक झाली तर वरून पुन्हा रंग. जलरंगात चूक सहज पुसता येत नाही.

खारी_बटर · १:१२

ॲक्रिलिक वाळलं की प्लास्टिक होतं. पाच मिनिटांत हात थांबला तर पॅलेट गेलं, आणि ब्रश तेव्हाच धुतला नाही तर तोही गेला. म्हणजे सगळ्यात दमलेल्या क्षणी उठून मोरीपर्यंत जायचं. इथे असं माध्यम हवं जे अर्ध्यावर टाकून झोपता येईल. जलरंगाची वडी दुपारी सोडली, परवा ओली केली, तरी तिथूनच सुरू. ग्वाशही (अपारदर्शक जलरंग) तसंच. तैलरंगही लवकर वाळत नाही, पण वन आरकेत टर्पेंटाइनचा वास घेऊन झोपणार कोण?

ब्रश मात्र पाण्यात उभा सोडू नका, आडवा ठेवा. केस वाकले की वाकलेच.

सीवूड्स_संध्याकाळ · १:१५

रंग उशिरा वाळावा म्हणून रिटार्डर मिळतो त्यासाठी.

खारी_बटर · १:१६

आणखी एक बाटली, आणखी एक झाकण.

बोरू · २:२०

फ्रेंच चित्रकार रन्वारचं उदाहरण देतो. त्यांनाही हाच आजार होता. १९१९ साली गेले तोवर रंगवत होते, ब्रश हाताला बांधून! इच्छा असली की साधनं दुय्यम.

अंबाडीची_भाजी · २:३४

बोरूकाका, ब्रश बांधलेला नव्हता. बोटं इतकी आत वळली होती की तळव्याची कातडी सोलली जाऊ नये म्हणून कापडाच्या पट्ट्या गुंडाळत. ब्रश घरातलं कुणीतरी त्यांच्या हातात बसवून देई. म्हणजे तिथेही साधन आणि मदतनीस दोन्ही होतेच. शिवाय बांधलेला ब्रश दुखलं तरी सोडता येत नाही. सांध्याला तेच नको असतं.

बोरू · २:५०

फोटोत पट्ट्या दिसतात म्हणून म्हटलं. असो. वारली करा मग. त्रिकोण, गोल, रेघा. आपल्याच मातीतली कला, २०१४ पर्यंत तर पालघरही ठाण्यातच होतं.

नौपाडा_०२ · ३:०२

वारलीत बारीक काडीने एकसारखे शेकडो फटके मारायचे असतात. दिसायला सोपी, बोटांना महाग. एकच हालचाल त्याच सांध्याने पुन्हा पुन्हा, नेमकं तेच टाळायचं आहे. करायचीच तर मोठ्या कागदावर, कोपर-खांद्यातून हात फिरवून. वितीएवढ्या कागदावर नको.

मावशी_नेरूळ · ३:३०

निर्गुडीचं तेल कोमट करून लावायचं, मग बसायचं चित्राला. बोटं लोण्यासारखी फिरतात.

खारी_बटर · ३:३८

मावशी, तेल लावा, पण चित्र झाल्यावर. तेलकट तळवा कागदाला टेकला की तिथे रंग बसत नाही, पांढरे डाग राहतात, आणि ते कळतं वॉश (पाणीदार रंगाचा रुंद हात) फिरवल्यावरच. आधी शेक हवा असेल तर कोमट पाण्यात पाचेक मिनिटं हात बुडवा, पुसा आणि सुरू करा. डायक्लोफिनॅकचं जेल हाताला लावत असाल तर तेही शेवटी. ते लावल्यावर तासभर हात धुवायचा नसतो. हाताखाली जुन्या सुती रुमालाची घडी ठेवली की घामाचेही डाग पडत नाहीत.

मावशी_नेरूळ · ३:४५

बरं. झाल्यावर लावा, पण लावा.

पोह्यांची_वाटी · ४:१०

फोमची नळी पक्की. कागद आणि वेळ यांवर कुणी बोलेल का? आणि ट्यूब की वड्या?

टॅबवाला_ठाणे · ४:१४

टॅबलेट आणि स्टायलस. पाणी नाही, धुणं नाही, झोपून काढा. तीस-पस्तीस हजारांत मस्त येतो.

अंबाडीची_भाजी · ४:२०

(बजेट वाचा, दादा.) शिवाय काच गुळगुळीत असते, नीब सटकू नये म्हणून चिमूट नकळत आणखी आवळते. स्टायलसलाही तीच फोमची नळी लागेल.

कागदकापे · ५:०५

पैसा कागदात घाला. ३०० जीएसएमच्या (कागदाच्या जाडीचं माप) खाली उतरू नका. पातळ कागद ओला झाला की फुगतो, मग तो ताणून टेपने चिकटवा, नंतर टेप सोला. ते टेप सोलणं म्हणजे शुद्ध चिमटीचं काम. चारही कडांना गोंद लावलेला ब्लॉक मिळतो, त्यात ताणायचं काही उरत नाही. पंचवीस टक्के कॉटनचा ए५ ब्लॉक तुमच्या बजेटमध्ये बसेल. सुटा मोठा कागद आणखी स्वस्त पडतो: २२ बाय ३० इंचाच्या एका तावात साडेसात बाय अकराचे आठ तुकडे. पण ते दुकानातच कापून घ्या. जाड कागद घरी कात्रीने कापू नका.

पावसाळ्यात कागद दमट होतो, त्यातलं सरस मरतं आणि रंग टीपकागदासारखा शोषला जाऊन ठिपके पडतात. झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. खाडीकडच्या भिंतीला तर अजिबात टेकवू नका.

परीक्षेच्या पॅडचा चिमटा वापरू नका, ती स्प्रिंग अंगठ्याची वैरीण आहे. दोन रुंद इलॅस्टिक पट्ट्या आडव्या चढवा आणि कागद त्यांच्याखाली सरकवा.

नौपाडा_०२ · ५:४०

पॅडवरून आठवलं. मांडीवर उशी, उशीवर पॅड, मागची कडा चार-पाच इंच वर. वीसेक अंशांचा उतार मिळतो. मान वाकत नाही, आणि वॉश आपोआप खाली सरकतो, हाताने ढकलावा लागत नाही. उशी आणि पॅडच्या मध्ये ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीदार रबरी मॅट. कोपर उशीवर टेकलेलं हवं. अधांतरी हाताने खांदा आधी बोलतो, बोटं नंतर.

पाण्याला प्लास्टिकचा पेला नको. बसका, जड बुडाचा वाडगा घ्या, दिवाणावर कलंडत नाही.

आता वेळ. या आजारात सकाळचा आखडलेपणा तासाच्या वर टिकू शकतो, त्यामुळे अकरानंतर किंवा दुपारी बसा. टायमर बारा मिनिटांचा लावा, पंधराचा नाही. उरलेली तीन मिनिटं आवरण्याची. टायमर वाजला की बरं वाटत असलं तरीही थांबायचं, चुकतं ते नेमकं तिथेच. काम थांबवल्यावर दोन तासांनीही दुखणं वाढलेलंच असेल तर बैठक लांबली होती असं समजा आणि पुढची निम्मी करा.

सगळ्यात जास्त दमवतं ते चित्र नाही, मांडामांड. एका मोठ्या ताटात रंग, ब्रश, वाडगा, रुमाल असं कायमचं लावून ठेवा आणि दिवाणाखाली सरकवा. फ्लेअरच्या, म्हणजे दुखणं उसळलेल्या दिवशी ताट ओढता आलं तरी निम्मं काम झालं.

अंबाडीची_भाजी · ५:५५

मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असते, आणि दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांना गळून जायला होतं. तो दिवस चित्राच्या हिशेबात धरू नका. औषधाचा सल्ला देत नाहीये, वेळापत्रकाचं बोलतेय.

सीवूड्स_संध्याकाळ · ६:१०

घरात कशाला कोंडून घेता? नेरूळला डीपीएसच्या तळ्यावर फ्लेमिंगो, नाहीतर ज्वेल ऑफ नवी मुंबईची बाग. तिथे बसून काढा.

बोरू · ६:१८

तलावपाळीला तोड नाही.

सीवूड्स_संध्याकाळ · ६:१९

तलावपाळीला गर्दी आहे, काका. कोपरखैरण्याहून ठाण्याची गाडी, मग चालत. त्यातच पंधरा मिनिटांचा जीव संपला.

अंबाडीची_भाजी · ६:३०

आणि फ्लेमिंगो पावसाळ्यात नसतात. जाल तेव्हा नऊच्या आत किंवा पाचनंतर जा, या आजारावरच्या काही औषधांनी कातडी उन्हाला लवकर पोळते. पाण्याची टाकी असलेला ब्रश मिळतो, तो न्या, म्हणजे भांडं नको. पण त्याची टाकी दाबावी लागते. मऊ असेल तोच घ्या, दुकानात दाबून बघून.

कागदकापे · ६:४५

ट्यूब की वड्या राहिलंच. तयार वड्यांच्या पेटीत झाकणाचा प्रश्न नाही. पण शाळकरी वड्या कडक असतात, रंग सुटायला ब्रश घासावा लागतो. आर्टिस्ट दर्जाच्या सुट्या वड्या महाग. मधला मार्ग: आर्टिस्ट दर्जाची ट्यूब एकदाच कुणाकडून तरी उघडून घ्या आणि सगळा रंग वाटीत पिळून सुकवा. दोन थरांत भरा. एकदम भरलात तर वर साय धरते, आत ओलं राहतं आणि बुरशी येते. ग्लिसरीन घालायला सांगतात लोक, पावसाळ्यात घालू नका, हवेतली ओल धरून रंग चिकट राहतो. रंगवायच्या आधी ड्रॉपरने प्रत्येक वडीवर दोन थेंब पाणी, आणि दोन मिनिटं थांबा. स्प्रेची बाटली नको, तिचा घोडा बोटांनीच ओढायचा असतो.

बारा रंग: लेमन यलो, गँबोज, व्हर्मिलियन, क्रिमसन

खारी_बटर · ६:५१

बारा कशाला? सहा पुरेत. दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे.

सेबलसम्राट · ६:५५

सहातही वाद होईल. निळा अल्ट्रामरीन की थॅलो?

खारी_बटर · ६:५६

दोन्ही. म्हणूनच दोन निळे म्हटलं ना!

(यापुढे निळ्यावर अकरा प्रतिसाद)

पोह्यांची_वाटी · रात्री ९:२०

निळ्याचं तुमचं चालू द्या, माझी खरेदी झाली. एकच रंग घेतला: सेपिया (काळपट तपकिरी), आर्टिस्ट दर्जा, एक ट्यूब. सहा रंग म्हणजे सहा वाट्या, दर फटक्याआधी ब्रश धुणं आणि कुठला कशात मिसळू हा विचार. माझ्या बारा मिनिटांतली पाच त्यातच जातील. एका रंगात पाणी कमी-जास्त केलं की पुरे. समोर दिसतं तेही तसंच आहे: ग्रिल, दोरीवरचे कपडे, शेजारच्यांची टाकी, कुकर.

हिशेब: ट्यूब १९०, मॉप ३४०, ए५ ब्लॉक ५२०, फोमची अख्खी नळी ९०, रबरी मॅट ६०, इलॅस्टिक २०. एकूण १२२०. उरलेल्या २८० चा दुसरा ब्लॉक येत नाही, म्हणून तसेच ठेवलेत.

ट्यूब शेजारच्या मुलाने उघडून दिली. निम्मी बशीत पिळली, उरलेली परवा.

कागदकापे · ९:३१

एका रंगाने कंटाळाल महिन्याभरात. आणि सेपिया तर फारच मातकट. निदान इंडिगो तरी घ्यायचा.

पोह्यांची_वाटी · ९:३४

कंटाळले तर २८० आहेत.

नौपाडा_०२ · ९:५०

बशी उघडी ठेवू नका. काही रंगांत मध असतो, मुंग्या लागतात. वर गाळणी पालथी घाला. ताटाने झाकू नका, हवा लागली पाहिजे.