जुनी गाडी, नवे चार्जेस: तुमच्याकडून कशाकशाचे पैसे घेतले?

गेल्या महिन्यात २०१७ची पेट्रोल हॅचबॅक घेतली. घासाघीस करून ३,९५,००० ठरले, दहा हजार टोकन दिलं, येताना पेढेही घेतले. गाडी आणायला गेलो तर काउंटरवरच्या मुलाने एक छापील कागद पुढे सरकवला. आरसी ट्रान्सफर ८,५००, फाइल चार्ज ३,०००, हँडलिंग ४,०००, इन्शुरन्स ट्रान्सफर २,५००, टेफ्लॉन कोटिंग (रंगावरचा संरक्षक थर) ६,०००. एकूण २४,०००.

"हँडलिंग म्हणजे नक्की काय हो?"

"सर, ते सगळ्यांनाच असतं."

माझा मुलगा तोवर मागच्या सीटवर बसून काच खालीवर करत होता. बायकोने घड्याळाकडे पाहिलं. अशा वेळी माणूस भांडत नाही, हे त्या काउंटरला पक्कं ठाऊक असतं. हँडलिंग तेवढं काढायला लावलं आणि वीस हजार भरून आलो. रात्री शोधलं तर मोटारीच्या मालकीहक्क बदलाची सरकारी फी ३०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २००, वर थोडा टपालखर्च. माझ्यावर कर्जही नव्हतं, नाहीतर आरसीवर कर्जाचा बोजा चढवायचे आणखी १,५००. मग ८,५०० मधले बाकीचे कुठे गेले?

तुमचे अनुभव लिहा. डीलरचं नाव नको, आकडे हवेत.

नाशिकचा जमाखर्च

माझ्याकडे तर थेट जीएसटी लावला होता. गाडी ५,२०,००० ची, त्यावर १८ टक्के म्हणजे ९३,६००! पोटात गोळाच आला. पण हिशेब हा माझा रोजचा धंदा. जुन्या गाड्यांवर जानेवारी २०२५ पासून सरसकट १८ टक्के आहे हे खरं (आधी लहान गाड्यांना १२ होता), पण तो डीलरच्या मार्जिनवर, म्हणजे त्याने घेतली कितीला आणि विकली कितीला त्या फरकावर. पूर्ण किमतीवर नाही. घरगुती माणसाकडून थेट गाडी घेतली तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही.

मी शांतपणे म्हणालो, "तुम्ही गाडी कितीला उचलली ते दाखवा, फरकावर अठरा टक्के काढू, लगेच भरतो." मालक दोन मिनिटं आत जाऊन आले. खरेदीचा आकडा दाखवणं म्हणजे स्वतःचं पोट उघडून दाखवणं. "जाऊ द्या साहेब, टॅक्स किमतीतच धरू." ९३,६०० ची ओळ पेनाने खोडली गेली. त्यांनी मार्जिनवरचा टॅक्स भरला का, हा त्यांचा प्रश्न.

रंकाळ्याकाठची

इन्शुरन्स ट्रान्सफरचे २,५०० मीही दिले होते. डीलर म्हणाला, "झालं ताई, काळजी नको." दोन महिन्यांनी पुण्याहून येताना साताऱ्याजवळ पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला. बंपर, रेडिएटर, एक हेडलाइट, ४१,००० चं एस्टिमेट. क्लेम टाकला तर पॉलिसी अजून जुन्या मालकाच्याच नावावर! समोरच्याला इजा झाली असती तर थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर माझ्याकडे आलेलं होतं. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी १४ दिवसांत कंपनीला अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करावी लागते. तो अर्ज कुणी केलाच नव्हता. ४१,००० माझ्या खिशातून.

नंतर नावावर करायला स्वतः गेले तेव्हा आणखी एक कळलं. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) माणसाचा असतो, गाडीचा नाही. आधीच्या मालकाचा ५० टक्के बोनस त्याच्याबरोबर गेला आणि तो फरक मला भरावा लागला. डीलरला फोन केला तर म्हणे, आमचे २,५०० फक्त 'प्रोसेस'चे होते. कसली प्रोसेस, हे अजून कळलेलं नाही.

एमएच १४

नंबरप्लेटचे २,५०० लावले. एचएसआरपीची (हाय सिक्युरिटी नंबरप्लेटची) चारचाकीची फी ७४५ अधिक जीएसटी, म्हणजे ८८० च्या आत. मोबाइलवर आकडा दाखवला, गप्प बसले.

ठाण्याचा डिझेलवाला

मी गाडी घेतली तेव्हा दिल्लीत दहा वर्षांवरचं डिझेल चालत नव्हतं, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात यायच्या. मला 'सगळं धरून' साडेसहा लाख सांगितले. दिल्लीची एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायचं ना-हरकत पत्र) हातात पडली आणि मग कळलं की महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर आणि एजंट हे त्या 'सगळं'मध्ये नाहीत. इकडे डिझेलचा टॅक्स काय असतो ते विचारू नका. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा परतावा मिळतो म्हणे, पण तो मागायचा तिकडे, आणि गाडी आधी दुसऱ्याच्या नावावर होती. सोडून दिला.

टॅम्पाहून

इकडेही तेच, फक्त इंग्रजीत. फ्लोरिडात डॉक फीला (डीलरच्या कागदपत्रांच्या चार्जला) कमाल मर्यादाच नाही, मला ८९९ डॉलर लावले. कॅलिफोर्नियातल्या भावाला ८५ च्या वर लावता आले नाहीत, तिथे कायद्याने मर्यादा आहे. फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित बघणारी इथली सरकारी संस्था) डिसेंबर २०२३ मध्ये असल्या फुकटच्या चार्जेसविरुद्ध नियम आणला होता, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने तो रद्द केला. मी आता शोरूमला जायच्या आधी ईमेलवर 'आउट द डोअर', म्हणजे सगळे चार्जेस धरून, किंमत मागते. जो लेखी देत नाही त्याच्याकडे जातच नाही. टायरमध्ये नायट्रोजन भरल्याचे १९९ डॉलर मात्र एकदा दिलेत. हवेत ७८ टक्के तोच असतो, हे घरी आल्यावर आठवलं.

धंद्यातला माणूस

शिव्या खायच्या तयारीने लिहितोय. राव, तुम्ही किंमत तोडता, आम्ही कागदावर जोडतो. तीन-पंच्याण्णवला गाडी दिली तेव्हा तुम्ही ती चार-वीसवरून खाली आणली असणार. ते पंचवीस हजार कुठून तरी यायलाच हवेत. पण एक बाजू ऐका. लोक गाडी नेतात आणि नावावर करतच नाहीत, चलान मात्र जुन्या मालकाला जातात आणि तो आमच्या दारात येतो. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत डीलरला गाडी ताब्यात आल्याचं परिवहनच्या पोर्टलवर कळवावं लागतं आणि विकेपर्यंत जबाबदारी आमची. त्यामुळे ट्रान्सफर आम्हीच करून देतो. आठ-साडेआठ हजार मात्र जास्त आहेत. आमच्याकडे चार.

आरटीओची पायरी झिजवलेली

चार हजारही देऊ नका. मी स्वतः केलं. फॉर्म २९ आणि ३० (मालकीबदलाचे), जुन्या मालकाच्या सह्या, आरसी, पीयूसी, इन्शुरन्स, आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा. तो काढायला बॉनेट उघडून वाकले तर ओढणीला ग्रीस. दोन खेपा झाल्या. शिवाय शेवटचे पंधरा हजार नाव चढेपर्यंत दिले नव्हते. लेखी लिहून घेतलं होतं, 'आरसी हातात आल्यावर बाकी'. तीन आठवड्यांत आरसी पोस्टाने घरी.

धागाकर्ता

धंद्यातले दादा, चार-वीसच होते. बरोब्बर ओळखलंत.

काल परत गेलो होतो. आरसीच्या पैशांची पावती मागितली तर 'मॅनेजर रजेवर'. टेफ्लॉनचे पैसे परत मागितले तर म्हणाले, पैसे नाही, पण कोटिंग आत्ता करून देतो. म्हणजे आधी केलंच नव्हतं! दोन तास बाकावर बसलो, चहा दोनदा आला. गाडीला वास झकास येतोय. इन्शुरन्सचं मात्र रंकाळ्याकाठच्या ताईंचं वाचून आज सकाळीच कंपनीला फोन लावला. पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर आहे. उद्या अर्धी सुट्टी टाकलीय.