जुनं आणि नवं फायरफॉक्स एकाच कॉम्प्युटरवर

दादा, तुम्ही म्हणताय की नवं फायरफॉक्स ब्राउझर टाकलं की जुनं पुसलं जातं. जातंच, कारण नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करत गेलात की दोन्ही एकाच फोल्डरमध्ये बसतात. 'कस्टम' निवडून दुसऱ्याला वेगळं फोल्डर द्या, विषय संपला.

आमच्या शाहूपुरीतल्या दुकानात एकच कॉम्प्युटर. हिशेबनीस काकांना ईएसआर आवृत्ती (फायरफॉक्सची कमी बदलणारी आवृत्ती) लागते, पुतण्याला सगळं ताजं. काकांना सारखं बदललेलं चालत नाही (त्यांना चहाचा कपसुद्धा बदललेला चालत नाही).

खरी गोम प्रोफाइलची. बुकमार्क, पासवर्ड, ॲड-ऑन सगळं त्यात असतं. २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशन आपोआप स्वतःचं वेगळं प्रोफाइल घेतं. त्याआधी दोघं एकाच ताटात जेवायचे. नव्यात वापरलेलं प्रोफाइल जुन्यात उघडू नका. नवं त्यात जे बदल करतं ते जुन्याला झेपेलच असं नाही. म्हणून तर जुनं फायरफॉक्स अडवतं आणि नवीन प्रोफाइल बनवायला सांगतं. तेव्हा 'माझे बुकमार्क गेले' म्हणून बोंब मारू नका, ते आधीच्या प्रोफाइलमध्ये जागेवरच असतात.

वर कुणीतरी प्रोफाइल वेगळं म्हणजे पासवर्ड सुरक्षित असं लिहिलंय, ते मला पटत नाही. प्रोफाइलला कुलूप नसतं, शेजारचा कुणीही उघडू शकतो. त्यासाठी विंडोजमध्येच प्रत्येकाचं वेगळं खातं काढा भावांनो. आम्ही ते काढलं, तेव्हा कुठं काकांची कुरकुर थांबली.