पॅड मिळालं, पण बदलायचं कुठे?

"पाळीचे पॅड फुकट वाटा, मुलींची शाळेतली गळती आपोआप थांबेल" हे मत मला अर्धंच पटतं. स्वस्त पॅडचा प्रयोग आपल्याकडे झालाय की. २०१८ च्या महिला दिनी सुरू झालेल्या राज्य सरकारच्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांत मिळायचं, तेही बचत गटांमार्फत.

पण आमच्या गावच्या शाळेत संडासाला आतून कडी नव्हती, नळाला पाणी नव्हतं, वापरलेलं पॅड टाकायला डबा नव्हता. शिवाय किल्ली गुरुजींकडे. ती मागायला कोण जाणार! त्यामुळे मुली मधल्या सुट्टीतच दप्तर उचलून घरी यायच्या. पॅडच्या पैशांसोबत पाण्याची टाकी आणि सफाईच्या बाईंचा पगारही मागा. डबा रोज रिकामा कोण करणार, हा प्रश्न ग्रामसभेत कुणीच काढत नाही.