अक्षरं ढवळता येत नसतील, फोडता तर येतात

काना-मात्रा-वेलांट्यांमुळे मराठीत अक्षरं ढवळता, म्हणजे त्यांचा क्रम बदलून नवा शब्द करता, येत नाहीत, म्हणून गूढ शब्दकोडं (ज्याच्या सूत्रात सरळ अर्थासोबत शब्दांचा खेळही दडलेला असतो) इंग्रजीतच शोभतं, असं काहीजण म्हणतात. पहिला भाग बराचसा मान्य, दुसरा अजिबात नाही. ढवळणं ही अनेक युक्त्यांपैकी एक. फोडणं, लपवणं, उलटवणं मराठीत झकास जमतं, फक्त काना-मात्रेसकट अख्खं अक्षर एक घर धरायचं. 'नदी' उलटली की 'दीन', 'सदा'चा 'दास'.

परभणीत मी सातवीच्या पोरांना रिकाम्या तासाला फळ्यावर अशी सूत्रं देते, कंसात उत्तराची अक्षरं किती ते. 'नाणं आणि त्याचा आवाज, गोदाकाठचं गाव (३)'. पोरं आधी नुसती गावं आठवत बसतात. मग सांगते, सरळ अर्थ सूत्राच्या एका टोकालाच असतो, सुरुवातीला नाहीतर शेवटी. इथं तो शेवटी आहे. उरलं नाणं, म्हणजे पै, आवाज, ठण. पैठण! 'चतुर्थीच्या प्रत्ययामागून डाळीचं पीक, त्याच डाळीची पेठ (३)' याला स-ला-ते पाठ हवं, म्हणजे ला आणि तूर सापडतात. पण मला सगळ्यांत आवडलेलं सूत्र एका मुलीनं स्वतः रचलंय: '"मी बी डबा आणलाय" यात दडलेला जिल्हा (२)'. तो 'बी' सुधारून 'पण' केला असता तर बीड गेलंच असतं की हो! इंग्रजी सूत्रं भाषांतरून आणली तर फसणारच, ती इथल्याच बोलण्यातून काढावी लागतात. जोडाक्षराला घर एक की दोन, एवढं मात्र कोडं देणाऱ्यानं आधीच सांगावं.