ऋषिपंचमीसाठी दोडका, पडवळ लावायचंय, पण बी रुजतच नाही. सल्ला हवा

मनीषा_कोथरूड | 8 जून 2026

नमस्कार. कोथरूडला आमच्या घरामागे साधारण बारा बाय सहा फुटांची मातीची जागा आहे. सासूबाई पूर्वी तिथे दोडका, पडवळ, लाल भोपळा लावायच्या. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून ऋषिपंचमीची भाजी परसातलीच व्हायची. गेली काही वर्षं आम्ही ती मंडईतून आणतो. यंदा सासूबाईंना घरच्या वेलाची भाजी करून घालायची मनापासून इच्छा आहे.

मे अखेरीला दोडक्याच्या दहा आणि पडवळाच्या आठ बिया दोन रात्री पाण्यात बुडवून कुंडीत टोकल्या. बोटभर खोल, वर रोज दोन वेळा पाणी. बारा दिवसांत दोडक्याची दोनच रोपं आली. एकाची पानं कशानं तरी भोकं पाडून संपवली. पडवळाची बी उकरून पाहिली तर मऊ पडून कुजलेली. आता पुन्हा लावलं तर वेळेत होईल का? बी कसं रुजवायचं, कुठलं घ्यायचं?

धायरीचा_मांडव | 8 जून

मनीषाताई, वेळ आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ऋषिपंचमी सप्टेंबरच्या मध्यावर गेली आहे. दोडक्याला पहिल्या तोड्यापर्यंत पन्नास-साठ दिवस लागतात, पडवळाला त्याहून आठ-दहा जास्त. या आठवड्यात टोकलंत तर तेव्हा वेल भरात असतील.

तुमचं बी पाण्यानं गेलं. बियाला ओल लागते तशीच हवा आणि ऊबही लागते. दोन रात्री बुडून राहिलं की आत हवा पोचत नाही, आणि नंतर रोज दोनदा पाणी घातल्यावर कुंडीतही तेच होतं. मी बारा वर्षं असं करतो: पडवळ आणि कारल्याचं कवच जाड असतं, म्हणून नेलकटरनं बियाच्या रुंद टोकाकडची कड जराशी टवकायची. आतल्या गराला लागू द्यायचं नाही, आणि निमुळतं टोक सोडून द्यायचं, कारण मूळ तिथूनच येतं. दोडका, दुधी, भोपळ्याला हे करावं लागत नाही. संध्याकाळी कोमट पाण्यात घालायचं, सकाळी काढायचं. मग मटकीला मोड आणतो तशी जुन्या सुती फडक्यात पुरचुंडी. फडकं पिळून घ्या, पाणी टपकता कामा नये. झाकण सैल ठेवलेल्या डब्यात घालून स्वयंपाकघरात उबेला ठेवा. पंचवीस ते तीस अंश त्याला मानवतं. रोज एकदा उघडून बघायचं, बुळबुळीत झालेलं बी लगेच काढून टाकायचं. दोडका तीन-चार दिवसांत मोड दाखवतो, पडवळ आठ-दहा दिवसही घेतं. बी पाण्यावर तरंगलं म्हणून फेकू नका, तरंगणारंही रुजतं.

मोड अर्धा सेंटीमीटर झाला की लावायचं, जास्त वाढू दिला तर हाताळताना तुटतो. मोड खाली, वर दीड-दोन सेंटीमीटर भुसभुशीत माती. बोटभर म्हणजे फार खोल झालं. रोप वर आल्यावर पानांना कवच चिकटून राहिलं तर ओढू नका, पाण्याचा थेंब सोडा, तासाभरात सुटतं.

हडपसर_परसबाग | 9 जून

वरचं सगळं पटलं, पण एक वेगळं सांगतो. तुमच्याकडे जमीन आहे, तर कुंडीत रोप करून हलवण्यापेक्षा आळ्यातच टोका. या वेलांच्या मुळांना धक्का सोसत नाही. रोप करायचंच असेल तर वर्तमानपत्राच्या पुंगळीत करा आणि पुंगळीसकट जमिनीत ठेवा.

कुदळीनं हातभर रुंद, हातभर खोल आळं करा. निम्मी माती, निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. आळ्याचा मधला भाग उंच ठेवा, नाहीतर पावसात पाणी साचून मर लागते, म्हणजे वेल सुकून जातो. एका आळ्यात तीन बिया, पुढे जोमदार एकच ठेवायची. बाकीची उपटू नका, कात्रीनं कापा. बारा फुटांत चार वेल पुरे. मांडव आत्ताच घाला, वेल वाढल्यावर खांब रोवताना मुळं तुटतात.

सिंहगडरोड_वसुधा | 9 जून

भोकं पाडणारे ते लाल भुंगेरे. रोपाच्या कोवळ्या दलपत्रांवर, म्हणजे बियातून आधी येणाऱ्या दोन पानांवरच, तुटून पडतात. सकाळी लवकर सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. रोपाला चार पानं येईपर्यंत जुन्या मच्छरदाणीचा तुकडा काड्यांवर ताणून झाकलं की वाचतं. आमच्या आईकडे चुलीची राख भुरभुरत, पावसात ती टिकत नाही.

बावधन_आप्पा | 10 जून

बियाण्याबद्दल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं पडवळ 'कोकण श्वेता' आणि राहुरीचा दोडका 'फुले सुचेता' हे सरळ वाण आहेत, बी धरून पुढच्या वर्षी लावता येतं. मार्केट यार्डातल्या बियाण्यांच्या दुकानांत नाव घेऊन विचारा, पाकिटावरची चाचणीची तारीख बघा. गुलाबी किंवा निळ्या रंगाचं बी म्हणजे बुरशीनाशक लावलेलं. ते हातमोज्यानं हाताळा, आणि स्वयंपाकाचं भांडं-फडकं त्याला अजिबात वापरू नका.

सगळ्यांनाच एक कळकळीची विनंती. घरच्या वेलाचा दुधी किंवा दोडका चिरला की आधी इवलासा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि फळ फेकून द्या. तो कडवटपणा कुकुरबिटासिनचा असतो आणि शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. त्या वेलाचं बीही धरू नका.

मनीषा_कोथरूड | 23 जून

कळवायला उशीर झाला. दोडक्याच्या आठपैकी सात बियांना चौथ्या दिवशी मोड आले. पडवळाच्या सहापैकी चार, तेही नवव्या दिवशी, मी आशा सोडलीच होती. आळी केली, मच्छरदाणी ताणली, दोडक्याला तिसरं पान आलं आहे. सासूबाई रोज सकाळी काठी टेकत मागच्या दारी येऊन बघतात. त्या म्हणाल्या, पडवळ धरलं की टोकाला दोऱ्यानं खडा बांध, सरळ वाढतं. हे अजून कोणी करतं का? आणि फुलं गळू नयेत म्हणून आधीपासून काही करायचं का?

धायरीचा_मांडव | 23 जून

खडा मीही बांधतो, पडवळ वीतभर झालं की. सुपारीएवढाच घ्या, जड झाला तर देठ तुटतो.

सुरुवातीची बरीच फुलं नर असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढं इवलं फळ दिसतं. तेही पिवळं पडून गळायला लागलं तर परागीभवन होत नाही असं समजा. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, म्हणून पाच-सहाच्या सुमारास नर फूल तोडून पाकळ्या मागे करा आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. सासूबाईंना खुर्ची टाकून बसवा मांडवाखाली, मादी फुलं त्याच दाखवतील.